हेडर जुळले, आवृत्ती जुळली, तरी मॉड्यूल चढेना

निळी वायर (धागाकर्ती)

मंडळी, तीन दिवस एकाच ओळीपुढे बसून आहे, म्हणून शेवटी धागा काढतेय.

६४ बिटी आर्म बोर्ड आहे. त्यावर लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.१.५५, आमच्याच टीममधल्या एकाने बांधलेला. मला एका एडीसी चिपचा (व्होल्टेज मोजून आकडा देणारी) ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल म्हणून, म्हणजे चालू कर्नलमध्ये मागाहून चढवायचा तुकडा म्हणून, बांधायचाय. कर्नल बांधणारा रजेवर आहे आणि त्याची बिल्ड डिरेक्टरी माझ्याकडे नाही. म्हणून मी ६.१.५५ चा टारबॉल (सोर्सचा गठ्ठा) उतरवला, 'मेक डेफकॉन्फिग' केलं (कुठल्या सोयी चालू-बंद याची ठरलेली कॉन्फिग), 'मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर' केलं आणि क्रॉस कंपायलरने ड्रायव्हर बांधला. मॉडपोस्टने (लागणारी फंक्शनं कर्नलमध्ये आहेत का ते बघणारी पायरी) ढीगभर 'अनडिफाइन्ड' दाखवले. नेटवर कुणीतरी सुचवलेलं केबिल्ड_मॉडपोस्ट_वॉर्न=१ लावलं, तेव्हा एररच्या वॉर्निंग झाल्या आणि .केओ फाइल, म्हणजे तयार मॉड्यूल, हातात पडली. बोर्डावर नेली, इन्समॉडने चढवायला गेले, तर:

इन्समॉड: एरर: कुड नॉट इन्सर्ट मॉड्यूल: इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट

'फाइल' चालवून पाहिलं, एआर्क६४ (६४ बिटी आर्म) चीच आहे. आवृत्ती तीच. मग फॉरमॅट चुकला कुठे?

दुसरा प्रश्नही इथेच विचारते. याच बोर्डावर एक छोटा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) चालणार आहे, त्याला लँडलॉक (प्रोग्रॅमने स्वतःचे अधिकार आवळायची कर्नलची सोय) वापरून स्वतःला कोंडून घ्यायचंय. पण 'लिनक्स/लँडलॉक.एच' बोर्डावर सापडतच नाही. कर्नल ६.१ असताना हेडर (कोडला लागणाऱ्या व्याख्यांची फाइल) का नाही?

उंटावरचा शहाणा

लिनक्स-हेडर्सचं पॅकेज टाका की. दोन मिनिटांचं काम.

निळी वायर

कर्नल घरी बांधलेला आहे हो. त्याचं पॅकेज कोण देणार?

जुनं खोड

'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' यावर डोकं फोडून उपयोग नाही. कर्नल फक्त एक एरर क्रमांक परत देतो आणि इन्समॉड त्याचं ठरलेलं वाक्य छापतं. खरं कारण डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, असतं. तीन गोष्टी इथे टाका: डीमेसेजची शेवटची ओळ, 'मॉडइन्फो' मधली वरमॅजिकची ओळ (मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बांधलंय ते सांगणारी) आणि 'युनेम -आर' (चालू कर्नलची आवृत्ती). हाताने टाइप करू नका, कॉपी-पेस्ट करा. का ते नंतर सांगतो.

चौकस

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. एक बाळबोध प्रश्न: डेबियनवर जे 'लिनक्स-हेडर्स' ते फेडोरावर 'कर्नल-हेडर्स' ना? मी फेडोरावर ते टाकलं, तरी मॉड्यूल बांधताना '/लिब/मॉड्यूल्स/…/बिल्ड' सापडत नाही म्हणतंय.

जुनं खोड

@चौकस, अजिबात नाही, आणि या नावांनी आजवर पुष्कळांना फसवलंय. हेडर दोन जातींचे.

पहिली जात वापरकर्त्याच्या बाजूच्या प्रोग्रॅमसाठी. सिस्टिम कॉलचे (प्रोग्रॅमने कर्नलला मारायच्या हाकांचे) क्रमांक, आयओसीटीएलचे (डिव्हाइसला द्यायच्या आदेशांचे) आकडे, कर्नलशी देवाणघेवाण होते त्या स्ट्रक्चरचे साचे. '/यूएसआर/इन्क्लूड/लिनक्स' मध्ये असतात ते हेच. डेबियनवर हे 'लिनक्स-लिबसी-डेव्ह' मधून येतात, फेडोरावर 'कर्नल-हेडर्स' मधून, आर्चवर 'लिनक्स-एपीआय-हेडर्स' मधून.

दुसरी जात मॉड्यूल बांधणाऱ्यांसाठी. कर्नलच्या पोटातले हेडर, त्याची कॉन्फिग, मेकफाइली, स्क्रिप्ट आणि मॉड्यूल.सिमव्हर्स (मॉड्यूलांना वापरता येणाऱ्या सिम्बॉलची, म्हणजे फंक्शन वगैरेंच्या नावांची, यादी). डेबियनवर 'लिनक्स-हेडर्स-' आणि पुढे पूर्ण आवृत्ती, फेडोरावर 'कर्नल-डेव्हल', आर्चवर नुसतं 'लिनक्स-हेडर्स'.

म्हणजे फेडोरावरचं 'कर्नल-हेडर्स' हे डेबियनवरच्या 'लिनक्स-हेडर्स'चं भावंड नाहीच. तुम्हाला 'कर्नल-डेव्हल' हवंय, आणि तेही 'युनेम -आर' जे सांगेल त्याच आवृत्तीचं. अपडेट करून रीबूट केलं नसेल तर पॅकेज नव्या कर्नलचं येतं आणि चालू असतो जुना.

चौकस

रीबूट केलं, 'कर्नल-डेव्हल' टाकलं, बांधलं गेलं. दंडवत! (रीबूट न केल्याला अकरा दिवस झाले होते.)

निळी वायर

@जुनं खोड, घ्या.

डीमेसेज: एडीसी_ड्राइव्ह: व्हर्जन मॅजिक '६.१.५५ एसएमपी प्रीएम्प्ट मॉड_अनलोड एआर्क६४' शुड बी '६.१.५५+ एसएमपी प्रीएम्प्ट मॉड_अनलोड एआर्क६४'

युनेम -आर: ६.१.५५+

कॉपी-पेस्ट का म्हणालात ते कळलं. तीन दिवस ते अधिकचं चिन्ह माझ्या डोळ्यांसमोर होतं. टीमला पाठवलेल्या मेलमध्येसुद्धा मी '६.१.५५' असंच लिहिलंय.

जुनं खोड

ते सगळ्यांच्याच डोळ्यांतून निसटतं. ते येतं कुठून ते सांगतो. कर्नल गिटच्या (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या) झाडातून बांधताना 'सेटलोकलव्हर्जन' नावाची स्क्रिप्ट बघते, की आपण नेमक्या टॅगवर (आवृत्तीच्या खुणेवर) आहोत का. टॅगच्या पुढे एक जरी कमिट (नोंदवलेला बदल) असेल आणि लोकलव्हर्जन (आवृत्तीला जोडायची शेपटी) आपण काही सांगितलेलं नसेल, तर ती आवृत्तीला '+' चिकटवते. 'हा शुद्ध ६.१.५५ नाही, वर कुणीतरी काहीतरी केलंय' एवढाच त्याचा अर्थ. टारबॉलमध्ये गिट नसतं, म्हणून तुमच्याकडे '+' आला नाही.

वरमॅजिकच्या ओळीत आणखी एक बघा: 'मॉडव्हर्जन्स' हा शब्द दोन्हीकडे नाही. म्हणजे या कर्नलमध्ये ती सोय बंद आहे. चालू असती तर कर्नलने वरमॅजिकचा पहिला शब्द, म्हणजे आवृत्तीच, सोडून बाकीचं ताडून पाहिलं असतं, कारण मग प्रत्येक एक्स्पोर्ट केलेल्या सिम्बॉलची सीआरसी (पडताळणीचा आकडा) वेगळी तपासली जाते. ती जुळली नाही की 'डिसअ‍ॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल मॉड्यूल_लेआउट' हा प्रसिद्ध निरोप येतो. तुमच्याकडे ती चाळणीच नाही. दारावर आहे तो फक्त ही ओळ वाचणारा पहारेकरी.

सेमीकोलन

मग सोपं आहे. 'मेक लोकलव्हर्जन=+ मॉड्यूल्स_प्रिपेअर' करा, ओळ जुळेल, मॉड्यूल चढेल. मी कित्येकदा केलंय.

जुनं खोड

@सेमीकोलन, चढेल. पुढचं काय? पहारेकऱ्याच्या हातात खोटा पास दिला म्हणून आतला माणूस खरा होत नाही. @निळी वायर, रजेवरच्या माणसाची कॉन्फिग मिळेपर्यंत हे करू नका. डेफकॉन्फिग म्हणजे *त्याची* कॉन्फिग नव्हे.

पोटभाडेकरू

थोडं अवांतर, पण याच दुखण्याचं. मी कंटेनरमध्ये मॉड्यूल बांधायला गेलो होतो. 'युनेम -आर' होस्टचा (खालच्या खऱ्या यंत्राचा) कर्नल सांगतं, कारण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतोच. आणि आतलं पॅकेज मॅनेजर त्या इमेजच्या वितरणाचे हेडर देतं. होस्ट एका वितरणाचा, इमेज दुसऱ्या, त्यामुळे जुळणारं पॅकेज त्या रिपॉझिटरीत असण्याचं कारणच नाही. शेवटी होस्टची '/लिब/मॉड्यूल्स' आणि '/यूएसआर/एसआरसी' फक्त वाचण्यापुरत्या आत माउंट केल्या. मेकफाइलमध्ये 'युनेम -आर' थेट लिहिणं ही त्यातली मूळ चूक. जिथे बांधतोय आणि जिथे चालवायचंय ती यंत्रं वेगळी असली, की तो आदेश बरोबर उत्तर देतो, फक्त भलत्याच प्रश्नाचं. 'केडीर' (कर्नलच्या बिल्ड डिरेक्टरीचा पत्ता) बाहेरून द्यायची सवय लावा.

कंपायलरग्रस्त

+१. आणि हेडर तंतोतंत जुळले तरी कंपायलर आडवा येतोच. एका वितरणाच्या दीर्घकालीन आवृत्तीवर मूळ जीसीसी ११ होता, पण नंतर आलेला नवा कर्नल त्यांनी १२ ने बांधला. मॉड्यूल बांधायला गेलो तर 'अनरेकग्नाइझ्ड कमांड-लाइन ऑप्शन -एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झीरो'. हा पर्याय जीसीसीत १२ पासून आला. हेडरांसोबत येणाऱ्या कॉन्फिगमध्ये तो चालू, माझ्या ११ ला तो माहीतच नाही. 'सीसी=जीसीसी-१२' दिलं आणि सुटलो. मधले दोन तास मी हेडरच पुन्हा पुन्हा टाकत बसलो होतो.

निळी वायर (रात्री १:१०)

कबुली द्यायची आहे. खोडकाका नको म्हणाले होते, तरी मी @सेमीकोलनचा उपाय केला.

इन्समॉड गुपचूप चाललं. एरर नाही, काही नाही. एलएसमॉडमध्ये मॉड्यूल दिसतंय. पण ड्रायव्हरच्या इनिट फंक्शनची पहिलीच ओळ पीआर_इन्फो आहे, 'एडीसी: आले' असं छापणारी, ती डीमेसेजमध्ये नाही. प्रोब (चिप ताब्यात घेण्याची पायरी) नाही, '/डेव्ह' मध्ये नोड (डिव्हाइसची फाइल) नाही. मॉड्यूल चढलंय आणि मख्खासारखं बसलंय. हे काय आहे?

सेमीकोलन

लॉगलेव्हल बघा. पीआर_इन्फो कन्सोलवर येत नसेल.

निळी वायर

कन्सोलवर नाही, डीमेसेजमध्येच बघतेय. दुसऱ्या एका मॉड्यूलचं पीआर_इन्फो तिथे व्यवस्थित येतंय.

जुनं खोड (सकाळी)

सुटलात म्हणायच्या. इनिट चाललंच नाही हे नशीब.

बोर्डावर '/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड' आहे का बघा. असेल तर झेडकॅटने बाहेर काढा, तुमच्या टारबॉलमधल्या .कॉन्फिगशी 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग' ने ताडून बघा आणि फरक इथे टाका. माझी पैज 'डीबग' नावाच्या कुठल्यातरी ओळीवर.

निळी वायर

होती फाइल. डिव्हाइस-ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) आणि ड्रायव्हरांचे किरकोळ फरक सोडले तर डोळ्यांत भरणारा एकच:

कॉन्फिग_डीबग_स्पिनलॉक: माझ्याकडे एन (बंद), बोर्डावर वाय (चालू).

एवढ्याशा गोष्टीने इनिट गायब होतं?

जुनं खोड

होतं. सावकाश वाचा, यात मजा आहे.

साध्या ६४ बिटी कर्नलमध्ये स्पिनलॉक (एकाच वेळी दोघांनी डेटाला हात लावू नये म्हणूनचं कुलूप) ४ बाइटांचा असतो. डीबग_स्पिनलॉक चालू केलं की त्यात एक जादुई आकडा, मालक सीपीयू आणि मालक टास्कचा पॉइंटर अशी भर पडते, आणि तो २४ बाइटांचा होतो. म्यूटेक्स या दुसऱ्या जातीच्या कुलपाच्या पोटात असा एक लॉक असतो, म्हणून म्यूटेक्स ३२ चा ५६ होतो.

आता प्रत्येक .केओ फाइलमध्ये 'स्ट्रक्ट मॉड्यूल' चा एक तयार नमुना भरलेला असतो. तो तुमच्या कंपायलरने भरलेला, तुमच्या हेडरांप्रमाणे. इनिट फंक्शनचा पत्ता त्याच स्ट्रक्चरमधल्या एका खान्यात असतो. आणि त्या खान्याच्या अलीकडे, त्याच स्ट्रक्चरमध्ये, 'पॅरम_लॉक' नावाचा एक म्यूटेक्स बसलेला असतो.

तुमच्या हेडरांप्रमाणे म्यूटेक्स ३२ बाइटांचा, म्हणून इनिटचा पत्ता अमुक जागी लिहिला गेला. बोर्डावरच्या कर्नलच्या लेखी तो ५६ चा, म्हणून त्याने इनिट शोधलं २४ बाइट पुढे. तिथे शून्य. इनिट नसलेलं मॉड्यूल कर्नलला चालतं, नुसती फंक्शनं पुरवणारी मॉड्यूलं असतातच. त्याने मान डोलावली आणि पुढे गेला. शेजाऱ्याच्या दारावर टकटक केली, घरात कुणी नाही म्हणाला आणि परत आला.

६.४ पासून कर्नल निदान या नमुन्याचा एकूण आकार आपल्या आकाराशी जुळतो का ते बघतो आणि नसेल तर मॉड्यूल नाकारतो. ६.१ मध्ये तेही नाही.

निळी वायर

थांबा, हे स्वतः बघायचंय मला.

निळी वायर (अर्ध्या तासाने)

तोच ड्रायव्हर दोन्ही कॉन्फिगनी बांधला, डीबग माहितीसकट. दोन्ही .केओ वर 'पाहोल -सी मॉड्यूल' (स्ट्रक्चरमधल्या खान्यांच्या जागा दाखवतं) चालवून आउटपुट शेजारी शेजारी ठेवलं. पॅरम_लॉकपर्यंत सगळं ओळीला ओळ सारखं. तिथून पुढे प्रत्येक खाना २४ ने सरकलेला. केपी २४ ने, एक्सटेबल २४ ने, इनिट २४ ने.

अंगावर काटा आला. आवृत्ती तीच, सोर्स तोच, वरमॅजिक अक्षरन् अक्षर सारखं, आणि दोघे वेगळ्याच नकाशांवर चालतायत.

चौकस

पण इनिट चाललं नाही हे नशीब कसं? चाललं असतं तर काम तरी झालं असतं ना.

जुनं खोड

@चौकस, वेट क्यू (वाट बघणाऱ्यांची रांग) घ्या. तिच्या ड्रायव्हरने स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये एक वेट क्यू ठेवली असणार, एडीसीची वाट बघायला. तिच्या हिशेबाने ती २४ बाइटांची: लॉकचे ४, मोकळे ४, यादीचे १६. पण ती तयार करणारं फंक्शन कर्नलमध्ये आहे आणि त्याच्या हिशेबाने ती ४० ची. ते तिच्या स्ट्रक्चरमध्ये १६ बाइट पुढे घुसून लिहिणार. तिथे जर चिपच्या रजिस्टरांचा पत्ता ठेवलेला असेल, तर त्या पत्त्यावर यादीचा पॉइंटर बसणार. तो पत्ता वैध असतो, म्हणून वाचताना कर्नल कोसळत नाही. नुसती भलतीच रीडिंग येतात. आणि पहिल्यांदा 'रजिस्टर' मध्ये लिहाल तेव्हा यादीच मोडेल, बोर्ड गोठेल, आणि तुम्ही आठवडाभर चिपला शिव्या घालाल.

निळी वायर

वेट क्यूच्या खालची ओळ खरंच 'व्हॉइड __आयओमेम *बेस' आहे, रजिस्टरांचा पत्ता. मी पाणी पिऊन येते.

सेमीकोलन

माझा सल्ला मागे घेतो. मी ज्या वेळी '+' चिकटवून निभावलं, तेव्हा झाड आणि कॉन्फिग दोन्ही माझीच होती, हे सांगायचं राहिलं.

उंटावरचा शहाणा

एवढं सगळं करण्यापेक्षा कर्नलवाल्यांनी मॉड्यूलांसाठी स्थिर इंटरफेस का नाही ठेवला? इतर प्रणालींत जुना ड्रायव्हर वर्षानुवर्षं चालतो.

जुनं खोड

तो वाद माझ्या दाढीपेक्षा जुना आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेला एक दस्तऐवज कर्नलच्या सोबतच येतो, त्यात त्यांची बाजू आहे: वापरकर्त्याकडचा इंटरफेस मोडायचा नाही, पोटातला हवा तसा बदलायचा, आणि तुमचा ड्रायव्हर मुख्य झाडात आणा म्हणजे बदलणाराच तोही दुरुस्त करेल. पटो न पटो, वस्तुस्थिती ही अशी. ४.१५ मध्ये सेटअप_टायमर गेला. ५.० मध्ये अ‍ॅक्सेस_ओके चा एक आर्ग्युमेंट गेला. ५.६ मध्ये प्रॉक फाइलींना फाइल_ऑपरेशन्सऐवजी प्रॉक_ऑप्स आलं. ६.४ मध्ये क्लास_क्रिएट मधून धिस_मॉड्यूल काढलं. मी एक ड्रायव्हर ३.१० पासून ओढत आणलाय, त्यात आता कोडपेक्षा '#इफ लिनक्स_व्हर्जन_कोड' (आवृत्तीचा आकडा बघून कोड निवडणाऱ्या ओळी) जास्त आहेत.

आणि त्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. रेड हॅटचा ४.१८ घ्या: आकडा ४.१८, पण पोटात नंतरच्या कितीतरी आवृत्त्यांमधलं काय काय मागे आणलेलं. तिथे त्यांचा वेगळा आरएचईएल_रिलीज_कोड बघावा लागतो. दुसरी गंमत: या आकड्यात शेवटच्या भागाला ८ च बिट, म्हणजे २५५ पर्यंतच जागा. २०२१ च्या फेब्रुवारीत ४.४ आणि ४.९ या दोन्ही मालिका २५६ व्या दुरुस्तीवर पोचल्या. हिशेब तसाच ठेवला असता तर ४.४.२५६ स्वतःला ४.५.० म्हणवून घेता. म्हणून तो भाग २५५ वरच अडवून ठेवला. म्हणजे त्या मालिकांत २५५ च्या पुढची कुठली दुरुस्ती आहे हे या आकड्यावरून ओळखायची सोयच उरली नाही. वेगळ्या चाचणी-कोडने फंक्शनची सही तपासणं कटकटीचं असतं, पण खोटं बोलत नाही.

पोटभाडेकरू

वाचनखूण साठवली आहे. पण लँडलॉकचं राहिलं ना?

निळी वायर

हो! त्याचं मी काय केलं तेही सांगते, हसू नका. डीमनच्या मेकफाइलमध्ये '-आय' देऊन कर्नलच्या झाडातली 'इन्क्लूड' डिरेक्टरी लावली. म्हटलं हेडर तर तिथे आहेच. टाइप पुन्हा डिफाइन झाल्याचे, '__यूझर' म्हणजे काय ते ठाऊक नसल्याचे शेकडो एरर. वर स्क्रोल करून पहिला एरर गाठायलाच वेळ लागला.

जुनं खोड

हसतोय, कारण २००० च्या आधी आम्ही सगळे हेच करायचो, तेही अधिकृतपणे. '/यूएसआर/इन्क्लूड/लिनक्स' ही चालू कर्नलच्या सोर्सकडे बोट दाखवणारी सिमलिंक असायची. कर्नल बदलला की प्रोग्रॅम बांधायचे बंद. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००० साली स्पष्ट सांगितलं की ती सिमलिंक नको, तिथे लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) ज्या हेडरांवर बांधली गेली तेच हेडर असले पाहिजेत. पुढे ३.७ मध्ये, २०१२ साली, डेव्हिड हॉवेल्स यांनी बाहेर द्यायचे हेडर आणि पोटातले हेडर वेगळ्या डिरेक्टऱ्यांत पाडले, बाहेरच्यांची 'इन्क्लूड/यूएपीआय' झाली.

म्हणून तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत. मॉड्यूलला चालू कर्नलचेच हेडर हवेत, शेपटीसकट, कॉन्फिगसकट. डीमनला चालू कर्नलशी देणंघेणं नाही, त्याचे हेडर लिबसीच्या सोबतीने राहतात. तुमच्या बोर्डावरचं वितरण कुठलं? डेबियन ११ असेल तर त्याचे हेडर ५.१० चे. लँडलॉक आला ५.१३ मध्ये. मग फाइल मिळणार कुठून?

निळी वायर

११ च आहे.

जुनं खोड

मग कर्नलच्या झाडात 'मेक एआरसीएच=आर्म६४ हेडर्स_इन्स्टॉल इन्स्टॉल_एचडीआर_पाथ=' आणि पुढे प्रोजेक्टमधलीच एखादी डिरेक्टरी. त्याने साफ केलेले, बाहेर द्यायचेच हेडर तिथे पडतील. '/यूएसआर' वर ओतू नका, पॅकेज मॅनेजरशी भांडण होईल. कंपाइल करताना ती डिरेक्टरी '-आयसिस्टिम' ने फक्त या डीमनला द्या. लिबसीत रॅपर (तयार फंक्शन) नाही, तेव्हा 'सिस्कॉल' ने हाक मारा, क्रमांक ४४४ ते ४४६.

नवे हेडर वापरले म्हणजे जुन्या कर्नलवर ती सोय उगवते असं नाही, एवढं धरून चाला. डीमन उद्या ५.१० वर गेला तर बांधला जाईल, सुरूही होईल, आणि कॉल ईएनओएसवायएस ('असा कॉलच नाही') घेऊन परत येईल. लँडलॉक कर्नलमध्ये आहे पण बूटवेळी बंद ठेवलाय, तर ईओपीएनओटीएसयूपीपी ('ही सोय नाही'). दोन्हीकडे काय करायचं ते आधीच लिहून ठेवा. आवृत्तीचा आकडा बघून ठरवू नका, कॉल करून विचारा.

पोटभाडेकरू

कंटेनरमध्ये तिसरं उत्तरही मिळतं, ईपीईआरएम. सेककॉम्पची (कुठले सिस्टिम कॉल चालू द्यायचे ते ठरवणारी चाळणी) जुनी यादी नवा कॉल ओळखत नाही आणि 'परवानगी नाही' म्हणते. जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची लिबसी) २.३४ ने थ्रेड बनवताना आधी क्लोन३ हा नवा कॉल वापरून बघायला सुरुवात केली, तेव्हा हेच झालं. ईएनओएसवायएस आलं असतं तर ती जुन्या क्लोनकडे वळली असती. ईपीईआरएम आल्यावर ती थ्रेडच बनवेना.

सेमीकोलन

बीपीएफवाल्यांनी (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) या सगळ्यातून बरी पळवाट काढली. कर्नल स्वतःच्या स्ट्रक्चरांचं वर्णन '/सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स' मध्ये ठेवतो, बीपीएफटूल त्यातून एकच मोठी 'व्हीएमलिनक्स.एच' काढून देतं, आणि प्रोग्रॅम चढवताना खान्यांच्या जागा त्या त्या कर्नलप्रमाणे दुरुस्त होतात. निळी वायर यांचे ते २४ बाइट तिथे आपोआप सांभाळले गेले असते.

निळी वायर (दोन दिवसांनी)

ताजी खबर. बोर्डाची कॉन्फिग घेतली, रजेवरून परतलेल्या मित्राकडून गिटचं झाड घेतलं, पूर्ण कर्नल बांधला. नुसतं मॉड्यूल्स_प्रिपेअर मॉड्यूल.सिमव्हर्स बनवत नाही, तो पूर्ण बिल्डमधून येतो, आणि माझे ते सगळे 'अनडिफाइन्ड' त्याच्या अभावी होते, हेही आत्ता कळलं. केबिल्ड_मॉडपोस्ट_वॉर्न काढून टाकलं, एकही तक्रार नाही. बोर्डावर इन्समॉड, आणि

एडीसी: आले

रीडिंगही खरी वाटतात, पॉट (व्होल्टेज बदलायची खुंटी) फिरवलं की आकडा फिरतो. डीमनही लँडलॉक लावून उभा राहिला.

मित्राला विचारलं, ते '+' कुठून आलं. डिव्हाइस-ट्रीचे दोन कमिट, म्हणाला. आणि डीबग_स्पिनलॉक? एक डेडलॉक (कुलपांची एकमेकांत अडकाअडकी) शोधायला लावलं होतं, काढायचं राहिलं.

आता पुन्हा असं होऊ नये म्हणून तो त्याच्या लॅपटॉपवर 'मेक बिनडेब-पीकेजी' करून कर्नल आणि लिनक्स-हेडर्स दोन्हींची डेब पॅकेजेस देणार आहे. म्हणजे बोर्डावरच मॉड्यूल बांधता येईल.

जुनं खोड

लॅपटॉप एक्स८६ (इंटेल-एएमडी जातीचा, आर्म नव्हे) आहे ना?

निळी वायर

हो. का?

जुनं खोड

क्रॉस बांधलेल्या ६.१ च्या त्या हेडर पॅकेजमध्ये 'स्क्रिप्ट्स' खालचे फिक्सडेप, मॉडपोस्ट वगैरे प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालणारे असतात. बोर्डावर ते चालायचे नाहीत.

निळी वायर (सात मिनिटांनी)

/बिन/एसएच: स्क्रिप्ट्स/बेसिक/फिक्सडेप: एक्झेक फॉरमॅट एरर

त्याने सकाळीच पाठवलं होतं पॅकेज. मॉड्यूल लॅपटॉपवरच बांधतेय.